विमान जमिनीवर आहे, हे कोणी ठरवायचे?

जेट इंजिन हवेचा झोत मागे फेकते, म्हणून विमान पुढे जाते. विमान उतरल्यावर हाच झोत अडवून पुढच्या दिशेने वळवला, तर रेटा उलटतो आणि धावणारे विमान लवकर आवरता येते. हे काम करणाऱ्या यंत्रणेला थ्रस्ट रिव्हर्सर म्हणतात. धावपट्टीवर ती वैमानिकाची मदतनीस असते आणि हवेत उघडली तर त्याच्या जिवावर उठते. त्यामुळे ती उघडण्याआधी विमानाच्या तर्कयंत्रणेला एका प्रश्नाचे उत्तर मिळावे लागते : आपण आत्ता जमिनीवर आहोत की हवेत?

प्रश्न सोपा वाटतो. पण रिव्हर्सरशी निगडित असलेले गेल्या पन्नास वर्षांतले मोठे अपघात एकापुढे एक मांडले, की त्यांतल्या बऱ्याच अपघातांचे मूळ या उत्तरात सापडते. कधी उत्तर चुकले, कधी उशिरा मिळाले, तर कधी ते बरोबर असूनही वैमानिकाने मधेच बेत बदलला. मोठ्या प्रवासी विमानांबद्दल या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. व्यावसायिक जेट, म्हणजे उद्योगपती, कलावंत, नेते आणि अतिदक्षतेतले रुग्ण ज्यांतून प्रवास करतात ती आठ-दहा आसनांची विमाने, यांच्याकडे मात्र कमी लक्ष गेले. या आढाव्याचा भर त्यांच्यावर आहे. मोठ्या विमानांचे दाखले येतात, कारण नियम त्यांच्या अपघातांतून घडले आणि लहान विमानांनाही तेच लागू झाले.

यंत्र आणि त्याची कुलपे

रिव्हर्सरचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात इंजिनाच्या मागच्या टोकाला दोन वाकदार दारे असतात. ती मिटून झोताच्या आड येतात आणि झोत वर-खाली फाकून पुढे वळतो. बऱ्याचशा लिअरजेट, सायटेशन आणि गल्फस्ट्रीम विमानांवर हीच दारे दिसतात. दुसऱ्या प्रकारात इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग सरकतो, आत लपवलेल्या जाळ्या उघड्या पडतात आणि पंख्याची हवा त्यांतून पुढे वळते. चॅलेंजर जातीच्या काही विमानांवर हा प्रकार आहे.

दसॉ कंपनीने फाल्कन ५०, फाल्कन ९०० आणि फाल्कन ७एक्स या तीन इंजिनांच्या विमानांवर फक्त मधल्या इंजिनाला रिव्हर्सर बसवला. एका बाजूचा उघडला, दुसऱ्या बाजूचा नाही आणि विमान वाकडे ओढले गेले, ही भीतीच त्यामुळे उरली नाही. फेनम ३००, होंडाजेट आणि पीसी-२४ या विमानांना रिव्हर्सर मुळातच नाही. ती ब्रेक आणि पंखांवरच्या झडपांवर भागवतात. म्हणजे रिव्हर्सर हवाच, असा काही निसर्गनियम नाही. तो घ्यायचा तर त्याच्याबरोबर वजन, देखभाल आणि धोका घ्यावा लागतो. तो सौदा कधी परवडतो आणि कधी परवडत नाही.

घेतलाच, तर त्याला अनेक कड्या लागतात. दारे मिटलेल्या स्थितीत यांत्रिक कुलपांनी धरलेली असतात. ती हलवणाऱ्या हायड्रॉलिक दाबाच्या वाटेवर एक झडप असते. ती उघडण्यासाठी थ्रॉटल आयडलवर, म्हणजे इंजिनाच्या किमान शक्तीवर हवा आणि चाकांवर विमानाचे वजन पडलेले हवे. हे वजन ओळखणारा लहानसा स्विच चाकांच्या पायाजवळ असतो. वैमानिक आणि तंत्रज्ञ त्याला स्क्वॉट स्विच म्हणतात. पाय दबला की जमीन, पाय ताणला की हवा, एवढेच त्याला कळते.

दारे पूर्ण उघडेपर्यंत रिव्हर्स लिव्हर जास्त मागे ओढता येत नाही, कारण आड एक अटकाव असतो. दार आपोआप उघडले, तर इंजिनाची शक्ती खाली आणणारी सोय अनेक विमानांत असते. जुन्या विमानांत ती थ्रॉटलची केबल खेचते आणि नव्या विमानांत फाडेक, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच इंधन कमी करतो. सायटेशनसारख्या विमानांत ‘आर्म’, ‘अनलॉक’ आणि ‘डिप्लॉय’ असे तीन दिवे असतात आणि सगळे फसले तर दारे जबरीने मिटवणारा ‘इमर्जन्सी स्टो’ स्विचही असतो. एकूण रचनेमागचा विचार असा की एक कडी तुटली तरी दुसरीने धरावे.

हवेत उघडलेली दारे

कड्यांची ही भिंत उभी राहिली ती हवेत उघडलेल्या रिव्हर्सरच्या धास्तीने. ११ फेब्रुवारी १९७८ रोजी कॅनडातल्या क्रॅनब्रूक विमानतळावर पॅसिफिक वेस्टर्न कंपनीचे बोइंग ७३७ उतरले आणि रिव्हर्सर उघडले. समोर धावपट्टीवर बर्फ काढणारे वाहन दिसताच वैमानिकांनी पुन्हा उड्डाणाचा निर्णय घेतला. डाव्या बाजूची दारे पूर्ण मिटली नव्हती. विमानाने जमीन सोडली, तशी तर्कयंत्रणेने नेमून दिलेले काम केले : रिव्हर्सरचा हायड्रॉलिक दाब तोडला. अर्धवट मिटलेली दारे हवेच्या झोताने पुन्हा उघडली आणि विमान कोसळले. ४० हून अधिक माणसे गेली. हवेत दारे उघडू नयेत म्हणून घातलेल्या कडीमुळेच ती मिटवणे अशक्य झाले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती एका व्यावसायिक जेटमध्येही दिसेल.

२६ मे १९९१ रोजी बँकॉकहून व्हिएन्नाला निघालेले लाउडा एअरचे बोइंग ७६७ सुमारे २४,७०० फुटांवर चढत असताना डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर उघडला आणि २२३ जण मृत्युमुखी पडले. रिव्हर्सरच्या झडपेचा दिवा त्याआधी काही मिनिटे लुकलुकत होता. वैमानिकांनी पुस्तिका उघडून पाहिली. तिच्यात करण्यासारखे काही दिलेले नव्हते.

या अपघाताने एक मोठा समज मोडला. हवेत रिव्हर्सर उघडला तरी विमान सावरता येते, हे कमी वेगात आणि आयडलवरच्या इंजिनाने केलेल्या चाचणीत दाखवून प्रमाणपत्र मिळाले होते. चढताना, जास्त वेगात आणि जास्त शक्तीवर काय होईल हे कोणी उडवून पाहिले नव्हते. पंखाखालच्या इंजिनातून उलटलेला झोत पंखावरची हवा फाडतो, पंखाची उचल एकदम घटते आणि सावरायला जेमतेम चार-सहा सेकंद उरतात. तपासातल्या सिम्युलेटर चाचण्यांत हे दिसले. बोइंगने रिव्हर्सरला आणखी एक स्वतंत्र कुलूप जोडले. अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचा, म्हणजे एफएएचा, नियम २५.९३३ आणि युरोपातला त्याचा समांतर नियम यांच्या वाचनात एक नवी वाट आली. हवेत उघडल्यावरही विमान आवरते हे दाखवा, नाहीतर असे उघडणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणजे एक अब्ज उड्डाण-तासांत एकदाही अपेक्षित नाही, असे गणिताने सिद्ध करा.

गणित कागदावर बसवता येते, पण माणूस गोंधळला तर ते मदतीला येत नाही. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी साओ पाउलोच्या कॉंगोन्यास विमानतळावरून टॅम कंपनीचे फोकर १०० उडाले, तोच उजवा रिव्हर्सर उघडला. सुरक्षेच्या सोयीने त्या बाजूची थ्रॉटल आपोआप मागे खेचली. ऑटोथ्रॉटल बिघडली आहे असे वैमानिकांना वाटले आणि त्यांनी थ्रॉटल जोराने पुढे ढकलली. विमान अर्ध्या मिनिटात वस्तीवर आदळले. विमानातील आणि जमिनीवरील मिळून ९९ माणसे दगावली. यंत्र त्यांना वाचवायला धडपडत होते. त्याची भाषा त्यांना कोणी शिकवली नव्हती, कारण असे कधी होणारच नाही असे गृहीत धरलेले होते.

व्यावसायिक जेटमधला याचा जोडीदार १९ नोव्हेंबर २०१३ चा. रुग्णाला फ्लोरिडात सोडून मेक्सिकोच्या कोसुमेलकडे परतणारे लिअरजेट ३५ए हे रुग्णवाहू विमान रात्री फोर्ट लॉडरडेलहून उडाले आणि काही मिनिटांत किनाऱ्याजवळ समुद्रात पडले. दोन वैमानिक आणि दोन वैद्यकीय कर्मचारी गेले. वैमानिकाने नियंत्रण कक्षाला इंजिन निकामी झाल्याचे सांगितले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, कारण दिले ते वेगळे : डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर हवेत उघडला आणि वैमानिकाला विमान ताब्यात ठेवता आले नाही. योग्य आणीबाणीची कृती झाली नाही, सहवैमानिकाचा अनुभव कमी होता आणि दोघांतला समन्वय ढिला होता, असेही मंडळाने नोंदवले. बंद पडलेले इंजिन आणि उलटलेले इंजिन यांत मोठा फरक आहे. बंद इंजिन नुसते ओढ देते, उलटलेले ढकलते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीच्या उपायात सेकंद वाया जातात.

हवेतला उलटा रेटा नेहमीच प्राणघातक असतो, असेही नाही. नासाचे अवकाशयान उतरवण्याचे प्रशिक्षण देणारे विमान म्हणजे बदललेले गल्फस्ट्रीम २ हे व्यावसायिक जेटच होते. अवकाशयानासारखी उभी घसरण साधण्यासाठी त्याचे वैमानिक चाके खाली सोडून सुमारे ३७,००० फुटांवरून रिव्हर्सर उघडे ठेवूनच खाली येत. तिथे ती स्थिती गृहीत धरून रचना आणि सराव केलेला होता. शेपटाकडची इंजिने विमानाच्या मध्यरेषेजवळ असतात आणि पंखाची हवा ती थेट बिघडवत नाहीत, हीही व्यावसायिक जेटची एक जमेची बाजू. धोका कुठून येतो, हे इथे स्पष्ट होते : न ठरवता, एकाच बाजूने आणि अचानक उघडणारा रिव्हर्सर तो घेऊन येतो.

जमिनीवर मिटलेली दारे

१९९१ नंतर सगळा रोख हवेत उघडणे टाळण्यावर राहिला. शंका आली की दारे मिटवा, हा शहाणपणा तर्कयंत्रणेत पक्का झाला. जमिनीवर धावणाऱ्या विमानात याच शहाणपणाची दुसरी बाजू उघडी पडली, आणि तीही प्रथम व्यावसायिक जेटमध्येच.

१४ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील ट्रॉय येथे उतरताना लिअरजेट ६० ची हरणाशी टक्कर झाली. धक्क्यात चाकांजवळची यंत्रणा मोडली आणि विमान हवेत आहे असा संदेश गेला. तर्कयंत्रणेने दारे मिटवली. वैमानिकाचा हात अजून रिव्हर्सवर होता. संगणकाने त्या लिव्हरचा अर्थ पुढच्या रेट्यात लावला. विमान धावपट्टीपलीकडे गेले आणि दोन्ही वैमानिक गंभीर जखमी झाले. यानंतर उड्डाण-पुस्तिकेत एक कृती आली : दारे आपोआप मिटली तर लिव्हर तत्काळ आयडलवर आणा. मूळ रचना तशीच राहिली.

१९ सप्टेंबर २००८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया विमानतळावर दुसरे लिअरजेट ६० उड्डाणासाठी धावले. निर्णयवेग, म्हणजे ज्यापुढे सहसा उड्डाण रद्द करायचे नसते तो वेग, ओलांडताच टायर फुटले. कप्तानाने उड्डाण रद्द केले आणि रिव्हर्सर ओढले. उडालेल्या टायरच्या तुकड्यांनी चाकाच्या खोबणीतल्या वायरी आणि नळ्या तोडल्या. स्क्वॉट स्विचचा संदेश बदलला, तर्कयंत्रणेला विमान हवेत आहे असे वाटले आणि दारे मिटली. वैमानिक पूर्ण ताकदीने रिव्हर्स मागत होते आणि इंजिने पुढे ढकलत होती. विमान कुंपण तोडून, महामार्ग ओलांडून पलीकडच्या बांधावर आदळले आणि पेटले. दोन वैमानिक आणि दोन प्रवासी मरण पावले, तर दोन प्रवासी गंभीर भाजून वाचले.

एनटीएसबीने कारणांत आधी टायर धरले. या टायरांतली हवा दररोज सुमारे २ टक्के कमी होते आणि सुमारे तीन आठवडे ती कोणी तपासली नव्हती. इतक्या कमी हवेवर उड्डाणाचा वेग पेलणे टायरना जमले नाही. निर्णयवेगानंतर उड्डाण रद्द करणे हेही मुख्य कारणांत होते. पण मंडळाने रचनेला सोडले नाही. चाकाच्या खोबणीतला बिघड थेट न मागितलेल्या पुढच्या रेट्यात बदलू शकतो, ही लिअरजेटच्या रचनेतली आणि एफएएच्या प्रमाणपत्रातली त्रुटी आहे, असे त्याने म्हटले. २००१ च्या अपघातानंतरही ती शोधून दुरुस्त झाली नाही, हेही नोंदवले. म्हणजे धोक्याचा इशारा सात वर्षे आधी मिळालेला होता. त्याला उत्तर म्हणून पुस्तिकेत एक परिच्छेद वाढवला गेला. अंधारात, टायरच्या स्फोटांच्या आवाजात, काही सेकंदांत तो परिच्छेद आठवेल असे समजणे हीच पहिली चूक होती.

एका स्विचच्या दोन चुका

स्क्वॉट स्विच दोन्ही दिशांना चुकू शकतो. हवेत नसताना ‘हवेत आहोत’ असे तो सांगतो, त्याची उदाहरणे वर आली. १४ फेब्रुवारी २००२ रोजी फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच येथे गल्फस्ट्रीम ५ च्या बाबतीत उलटे झाले. देखभालीच्या वेळी तंत्रज्ञांनी त्याच्या स्विचांत लाकडी पट्ट्या अडकवल्या होत्या. काम संपल्यावर त्या काढायच्या राहिल्या. विमान उडाले तेव्हाही यंत्रणेला ते जमिनीवरच वाटत होते. उतरताना वैमानिकाने थ्रॉटल मागे घेताच पंखांची उचल मारणारे ग्राउंड स्पॉइलर धावपट्टीला स्पर्श होण्याआधीच उघडले आणि विमान जोराने आदळले. हे रिव्हर्सरचे प्रकरण नव्हते, पण रिव्हर्सरला लागणारा जमिनीचा पुरावा अशाच स्विचांकडून येतो. त्या दिवशी तिथे काडीइतक्या लाकडाने ठरवले की विमान कुठे आहे.

पुरावा मिळायला उशीर झाला तरी काय होते, हे १४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सॉ येथे दिसले. लुफ्थान्साचे एअरबस ए३२० ओल्या धावपट्टीवर तिरके उतरले. उजव्या बाजूची चाके आधी टेकली, डावी सुमारे ९ सेकंदांनी. रिव्हर्सर उघडायला दोन्ही पाय दबलेले हवे होते आणि स्पॉइलरला तेच किंवा चाकांचा ७२ नॉटहून जास्त फिरता वेग. ओल्या पट्टीवर चाके घसरत होती, त्यामुळे दोन्ही अटी पुऱ्या व्हायला वेळ लागला. विमान धावपट्टी संपून बांधावर आदळले, दोघे गेले. अटी जितक्या कडक, तितका हवेत उघडण्याचा धोका कमी आणि जमिनीवर हवे तेव्हा न उघडण्याचा जास्त. या दोन टोकांमध्ये ठरवलेल्या जागेला अभियंते तडजोड म्हणतात. तिचा भुर्दंड शेवटी प्रवासी भरतो.

यातून निघणारा तांत्रिक धडा सोपा आहे. जमीन ओळखण्याचे काम एकाच जातीच्या पुराव्यावर सोपवू नये. पायावरचे वजन, चाकांचा वेग आणि रेडिओ उंचीमापक या वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या खुणा एकत्र तपासाव्यात. त्या सगळ्यांच्या तारा एकाच खोबणीतून, फुटणाऱ्या टायरच्या टप्प्यातून नेऊ नयेत. तीन वेगळे साक्षीदार एकाच खोलीत डांबले, तर आग लागल्यावर ते एकदमच गप्प होतात.

बेत बदलणारा वैमानिक

रिव्हर्सर ओढला म्हणजे उतरण्याचा निर्णय पक्का झाला. त्यानंतर पुन्हा उड्डाण नाही, असे जवळजवळ प्रत्येक विमानाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. हा नियम वैमानिकांना पाठ असतो. धावपट्टी संपताना दिसली की तो मोडण्याचा मोह होतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी टेनेसीतल्या एलिझाबेथटन येथे सायटेशन लॅटिट्यूड हे नवे जेट जास्त वेगाने उतरले आणि उसळले. विमानात मोटार शर्यतपटू डेल अर्नहार्ट ज्युनिअर कुटुंबासह होते. स्पीडब्रेक उघडले गेले नाहीत, विमान पुन्हा उसळले. याच धांदलीत रिव्हर्सर उघडायला सांगितले गेले आणि लगेच पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न झाला. रिव्हर्सर उघडे असताना इंजिनाने पुढची पूर्ण शक्ती द्यायची नाही, एवढे संगणकाला ठाऊक होते. वैमानिकाला हवी असलेली शक्ती वेळेत आली नाही. विमान पुन्हा आदळले, चाकांचा पाय मोडला, धावपट्टी सोडून ते पेटले. सगळे वाचले, हे नशीब. एनटीएसबीने अस्थिर उतरण आणि टेकण्याआधी परत न फिरणे यांना मुख्य कारण ठरवले. स्पीडब्रेक न उघडणे आणि रिव्हर्सर उघडल्यानंतर उड्डाणाचा प्रयत्न करणे, ही साहाय्यक कारणे.

क्रॅनब्रूक आणि एलिझाबेथटन यांत एकेचाळीस वर्षांचे अंतर आहे. एक विमान प्रवाशांचे, दुसरे खासगी. एकात केबली, दुसऱ्यात संगणक. तरी दोन्हींची गाठ एकाच जागी बसली : मिटण्याच्या आणि उघडण्याच्या मधल्या अवस्थेत विमान जमीन सोडते आणि यंत्रणा व वैमानिक वेगवेगळ्या गृहीतकांवर चालू लागतात.

आपल्याकडचे सर्वांत दुःखद उदाहरण २२ मे २०१० चे मंगळूरचे. एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ टेकडीवरच्या धावपट्टीवर खूप पुढे टेकले. कप्तानाने रिव्हर्सर उघडले आणि मग पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. विमान टोकावरून दरीत गेले आणि १५८ जण मरण पावले. चौकशीत ही कृती प्रस्थापित पद्धतीच्या विरुद्ध असल्याचे नोंदवले गेले. रिव्हर्सर ओढून ब्रेक दाबत राहिले असते तर काय झाले असते, हा तर्क नेहमी होतो. नियम मात्र तर्कावर उभा नाही. धावपट्टी सोडून कमी वेगाने बाहेर जाणे हे, अर्धवट उघड्या दारांनी हवेत जाण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त माणसे वाचवते, या कडू अनुभवावर तो उभा आहे.

हिशेब आणि देखभाल

रिव्हर्सरच्या बाबतीत नियम एका ठिकाणी फार शहाणे आहेत. कोरड्या धावपट्टीवर उतरायला लागणारे प्रमाणित अंतर काढताना रिव्हर्सरची मदत धरत नाहीत. चालला तर फायदा, न चालला तर तोटा नाही. ओल्या धावपट्टीवर उड्डाण रद्द करण्याच्या गणितात ती काही अटींवर धरता येते. अडचण होते ती हा फायदा खिशात असल्यासारखा मोजायला लागल्यावर. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर साउथवेस्टच्या बोइंग ७३७ मध्ये तेच झाले. बर्फाळ पट्टीवरच्या गणितात संगणकाने रिव्हर्सरची मदत धरली होती. प्रत्यक्षात तो उघडायला सुमारे १८ सेकंदांचा उशीर झाला. विमान कुंपण तोडून रस्त्यावर आले आणि मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. पावसाळ्यात कोकण किंवा गोव्याच्या पट्टीवर लहान जेट उतरवणाऱ्याने हा अपघात पाठ करावा.

बिघडलेला रिव्हर्सर खिळ्याने बंद करून विमान उडवण्याची मुभा नियमांत आहे. मुभा योग्य आहे, पण त्यामुळे वैमानिकांच्या हालचाली बदलतात. १७ जुलै २००७ रोजी कॉंगोन्यासवर टॅमचे एअरबस ए३२० उतरले, तेव्हा त्याचा उजवा रिव्हर्सर असाच बंद होता. त्या इंजिनाची लिव्हर चढाईच्या खाचेतच राहिली. स्पॉइलर उघडले नाहीत, विमान थांबले नाही आणि १९९ जणांचा बळी गेला. रिव्हर्सर बंद असणे हे कारण नव्हे. पण बंद रिव्हर्सरमुळे बदललेल्या हाताच्या सवयीचा विचार कोणी पुरेसा केलेला नव्हता.

शेपटाकडच्या इंजिनांची आणखी एक खोड आहे. उलटलेला झोत सुकाणूवरची हवा अडवतो आणि त्या वेळी सुकाणू विमानाला वळवत नाही. ५ मार्च २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर डेल्टाचे एमडी-८८ बर्फात घसरून कुंपणावर गेले, त्याचे हे एक प्रमुख कारण ठरले. बहुतेक व्यावसायिक जेटची इंजिनेही शेपटाकडेच असतात. निसरड्या पट्टीवर विमान वाकडे जाऊ लागले, तर रिव्हर्सरची शक्ती वाढवण्याऐवजी कमी करायची असते, हे शिकवावे लागते.

देखभालीतला खरा शत्रू झाकलेला दोष असतो. तीन कुलपांतले एक तुटले तरी दारे मिटलेलीच राहतात, दिवा लागत नाही, विमान उडत राहते. दुसरे तुटेपर्यंत पहिल्याचा पत्ता लागत नाही. म्हणून ठरलेल्या अंतराने प्रत्येक कुलूप वेगळे तपासावे लागते. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी विभाग असतात. एक-दोन विमाने बाळगणाऱ्या चार्टर कंपनीत हे काम बाहेरच्या कारखान्यावर आणि एखाद-दुसऱ्या अभियंत्याच्या डोळ्यांवर चालते. कोलंबियाच्या विमानाला दुरुस्तीपेक्षाही आधी गरज होती ती टायरमधली हवा मोजण्याची.

निष्कर्ष

या सगळ्या घटनांवरून दिसते ते एवढे. १९९१ नंतर वाढवलेली कुलपे योग्य होती. पण शंका आली की दारे मिटवणे म्हणजे सुरक्षितता, हे गृहीतक अपुरे आहे. दारे मिटलेली आणि इंजिन पूर्ण शक्तीवर, ही धावणाऱ्या विमानातली सर्वांत वाईट जोडी आहे. संदेश एकमेकांशी जुळत नसतील, लिव्हर रिव्हर्सवर असेल आणि दारे मिटत असतील, तर यंत्रणेने एकच गोष्ट करायला हवी : इंजिन आयडलवर आणायचे. धावपट्टीवरच्या अशा गोंधळात शक्ती काढून घेणे सुरक्षित असते. वैमानिकाची आठवण किंवा पुस्तिकेतला परिच्छेद यांना या कामाचा पर्याय धरू नये.

प्रशिक्षणातही दोन बदल अनिवार्य करायला हवेत. हवेत उघडलेला आणि जमिनीवर आपोआप मिटलेला, असे दोन्ही रिव्हर्सर प्रत्येक व्यावसायिक जेटच्या वैमानिकाने सिम्युलेटरमध्ये नियमितपणे अनुभवायला हवेत, अगदी संभाव्यता अब्जात एक लिहिलेली असली तरी. आणि रिव्हर्सर ओढल्यावर उड्डाण नाही, हा नियम निव्वळ तोंडी न ठेवता सिम्युलेटरमध्ये मोहाच्या क्षणी तपासला जावा.

चार्टर विमान घेणाऱ्याला आसनांचे चामडे आणि जेवणाची यादी दाखवली जाते. त्याने दोन प्रश्न विचारावेत : टायरमधली हवा शेवटची कधी मोजली, आणि रिव्हर्सर बंद असला तरी ही धावपट्टी पुरेल का? उत्तर चाचरत आले, तर दुसरे विमान घ्यावे.